सरोजाक्कांच्या जर्मन गोष्टी

आमचं लातूरचं वाचनालय सोमवारी अकराला उघडतं. सहा आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी मी ताजी वर्तमानपत्रं टेबलावर मांडत होतो, तेवढ्यात नांदेडहून महानंदाचा फोन आला. महानंदा म्हणजे सरोजाक्कांची भाची. गेलं वर्षभर अक्का तिच्याकडेच राहत होत्या. ती म्हणाली, "विलासदादा, अक्का गेल्या. सकाळी खुर्चीत बसून चहा घेतला, ‘कप ठेव’ म्हणाल्या, अन् मान टाकली." यावर मी जे विचारलं ते आठवलं की आज माझं मलाच नवल वाटतं. मी विचारलं, "कप ठेव कोणत्या भाषेत म्हणाल्या?" प्रश्न महानंदाला विचित्र वाटला नाही, कारण ते वर्ष तिनंही काढलं होतं. "मराठीत," ती म्हणाली. "आपल्या मराठीत." मग मी टेबलाशी बसलो. समोरच्या दोघा वाचकांना काही कळू नये म्हणून एक वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यासमोर धरलं…

लातुरात जर्मन शिकून जर्मनीला नोकरीला गेलेली जी मुलंमुली आहेत, त्यांना त्या ‘बेंबळगे मॅडम’ म्हणून माहीत होत्या. आमच्या वाचनालयात रविवारी येणाऱ्या पोरांना ‘गोष्टीवाल्या अक्का’. माझी त्यांची ओळख नऊ वर्षांपूर्वी झाली. साठी ओलांडलेली, बारीक अंगाची, कपाळावर विभूतीची आडवी रेघ ओढलेली एक बाई माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "तुमच्याकडं जर्मन-मराठी डिक्शनरी हाय का?" मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. वीस वर्षांच्या नोकरीत ती कोणी मागितली नव्हती. "बरं. मग माझी ठेवा," असं म्हणून त्या निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. "भेट न्हाई हं दिली. ठेवायला दिली. घरी मी एकटी, पुस्तक बी एकटं. इथं कुणी तरी उघडून बघंल." त्या दिवसापासून, मधला दीड वर्षाचा काळ सोडला तर, अक्का आणि मी एकमेकांच्या आयुष्यात राहिलो. तो दीड वर्षाचा काळ माझ्यामुळे आला. त्याबद्दल मी पुढे लिहीनच, कारण तो गाळून अक्कांबद्दल लिहिणं खोटं होईल.

अक्का मूळच्या उदगीरच्या. वडिलांचं किराणा दुकान, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. तेविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा धान्य साफ करणाऱ्या मशिनी बसवणारा मेकॅनिक. ज्या कंपनीत होता तिनं त्याला जर्मनीला पाठवलं आणि वर्षभरानं अक्काही गेल्या. एक लहानसं गाव, चहूकडे जंगल, आणि सहा महिने थंडी. भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. मूलबाळ झालं नाही. घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा त्यांनी गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम धरलं. बटाटे सोलायचे, भांडी पुसायची, म्हाताऱ्यांना ताटं नेऊन द्यायची. तिथे हेडविग नावाची एक शहाऐंशी वर्षांची म्हातारी होती. तिकडे नाताळच्या सुट्टीत टीव्हीवर दुपारी तासा-तासाचे परीकथांचे चित्रपट लागतात. खास टीव्हीसाठी काढलेले, साधेच, पण खऱ्या जंगलात, खऱ्या किल्ल्यांत घेतलेले. ज्या गोष्टी सगळ्या जगाला पाठ आहेत त्या वर्षानुवर्षं दाखवून झाल्यावर टीव्हीवाले आडबाजूच्या गोष्टींकडे वळले. कुठल्या तरी डोंगराळ भागातल्या बाईनं कधीकाळी सांगितलेल्या, जुन्या संग्रहांच्या मागच्या पानांवर पडून राहिलेल्या. खुद्द तिथल्या पोरांनाही त्या ठाऊक नसतात. हेडविगआजी अक्कांचा हात धरून त्यांना शेजारी बसवायची आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक वाक्य सावकाश परत म्हणून दाखवायची. "मला जर्मन कुण्या मास्तरनं न्हाई शिकवलं," अक्का सांगायच्या. "राक्षसानं शिकवलं अन् चेटकिणीनं शिकवलं. हेडविग निस्ती हुंकार द्यायला होती."

अकरा वर्षांनी नवरा म्हणाला, आता आपल्या मुलखात जाऊ. लातुरात त्यांनी एमआयडीसीत दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं. चार वर्षं चाललं आणि मग नवरा हृदयविकारानं गेला. अक्कांनी वर्कशॉप विकलं, घर ठेवलं. त्यानंतरची बरीच वर्षं त्यांच्या तोंडून जर्मनचा शब्द निघाला नसेल, कारण ऐकायला कोणी नव्हतं. हेडविगआजीच्या नातीनं मात्र दर वर्षी त्या चित्रपटांच्या तबकड्या पाठवणं सोडलं नाही. पुढे नर्सिंगच्या आणि आयटीआयच्या मुलांना जर्मनीचे वेध लागले, जिकडे तिकडे क्लास निघाले, आणि कुणी तरी अक्कांचा पत्ता काढत त्यांच्या दारात आलं. समोरच्या खोलीत त्यांनी चार बाकं टाकली. पुस्तक नाही, फळा नाही, टीव्हीवर परीकथा. पोरं आधी हसायची. अक्का म्हणायच्या, "हसा. पण बघा, परीकथेत वाक्यं कशी असत्यात. भूक लागली. दार उघड. मला भ्या वाटतंय. वाट कुण्या अंगाला हाय. परक्या मुलखात पैल्या महिन्यात एवढंच लागतं." मुरुडची अश्विनी नावाची एक मुलगी तिथूनच शिकून नर्स म्हणून गेली. ती मला सांगायची, "सर, पहिल्या आठवड्यात मी तिथल्या पेशंटशी बोलले ना, तर ते म्हणाले, तू राजकन्येसारखं बोलतेस."

वाचनालयात रविवारी पोरांना हे चित्रपट दाखवावेत ही कल्पना माझी. वरच्या मजल्यावरच्या दालनात एक टीव्ही होता, तो निवडणुकीच्या निकालाखेरीज लागत नसे. पहिल्या रविवारी अकरा पोरं आली. अक्का टीव्हीशेजारी उभ्या राहिल्या, हातात रिमोट. एक प्रसंग झाला की चित्र थांबवायचं, आणि झाली ती गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. आधी जरा पुस्तकी मराठीत सुरुवात केली. पोरं चुळबुळ करू लागली. मग एका ठिकाणी राजाचा प्रधान आत येऊन काही तरी लांबलचक बोलतो, तिथे अक्कांनी चित्र थांबवलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "हा म्हनतोय, सरकार, काम तर करायलोय, पण जमंना गेलंय." सगळं दालन हसलं. तिथून पुढे अक्कांचे राजे, राण्या, चेटकिणी, सगळे उदगीर-लातूरचं बोलू लागले, आणि महिन्याभरात पोरं इतकी यायला लागली की आम्हाला सतरंज्या वाढवाव्या लागल्या.

त्यातल्या तीन गोष्टी मला तोंडपाठ आहेत. एका राणीची झोप जाते आणि एक मेंढपाळ तिच्यासाठी साऱ्या राज्यातून एक अस्सल जांभई शोधून आणतो. दुसरी, कोळसे करणाऱ्या एका माणसाच्या पोरीची. घरातला विस्तव विझलेला असतो म्हणून ती हिवाळ्याच्या घरी निखारा मागायला जाते. वाटेत तीनदा बर्फात बसते आणि तीनदा म्हणते, "मीअर इस्ट काल्ट." म्हणजे मला थंडी वाजतेय. अक्का ते कधीच तसं सांगत नसत. त्या अंग आखडून म्हणायच्या, "लई गारठले गं माय." तिसऱ्यांदा पोरंच त्यांच्याआधी म्हणून टाकायची. आणि तिसरी गोष्ट बिनआवाजाच्या जोड्यांची. एका राजाला लोक आपल्यामागं काय बोलतात ते ऐकायचं असतं, म्हणून तो एका चांभारणीकडून असे जोडे करवून घेतो की पाऊल वाजू नये. त्याला सगळं ऐकू येतं, चांगलं कमी, वाईट जास्त. पण पुढे पुढे तो आला-गेला कुणाला कळेनासं होतं. त्याच्यासाठी कुणी उठत नाही, ताट वाढत नाही. शेवटी तो त्या चांभारणीकडे जाऊन म्हणतो, आणि हे वाक्य अक्कांचं आहे, "माझं पाऊल मलाच ऐकू येईना गं. म्या हाय का न्हाई, हेच कळंना." मग ती त्याच्या टाचेला एक खिळा ठोकून देते.

मी हा कार्यक्रम मोबाईलवर चित्रित करून ठेवत असे. त्यातला एक तुकडा फिरत फिरत पुण्यातल्या एका कंपनीपर्यंत पोचला. त्यांनी लहान मुलांच्या वाहिनीसाठी अशा सहा जर्मन टीव्हीपटांचे मराठीचे हक्क घेतले होते आणि थेट जर्मनवरून मराठी करणारं माणूस त्यांना हवं होतं. अक्कांनी चार महिने खपून सहाही चित्रपटांचे संवाद लिहिले. मी त्यांचा लेखनिक. अक्कांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चहा उकळून निम्मा व्हायचा तरी भान नसायचं. मग कंपनीकडून दुरुस्त केलेली प्रत आली. आमच्या राजाचं वाक्य आता असं झालं होतं: "माझ्या पावलांचा ध्वनी लोप पावला आहे. माझे अस्तित्वच जणू हरपले आहे." सहाही चित्रपटांत तेच. अक्कांनी पानं उलटली, चष्मा काढला. "हेडविग असं बोलायची न्हाई," त्या म्हणाल्या. "तिथल्या पिच्चरमंदी बी म्हातारी गावंढळच बोलती. त्यांनी तसं ठेवलंय. मग आपलीच म्हातारी का लाजायली?" कंपनीचं म्हणणं होतं की मराठी सगळ्या महाराष्ट्राला कळली पाहिजे. तेही अगदी खोटं नव्हतं. अक्कांनी वाद घातला नाही. आपलं नाव काढून टाकावं, एवढंच पत्र लिहिलं. ते पत्र मीच टपालात टाकलं.

आठ दिवसांनी कंपनीतून मला फोन आला. त्या मोबाईलवरच्या तुकड्यात मी एकदा गंमत म्हणून राजाचा आवाज काढला होता. तो त्यांना आवडला होता. दोन दिवस पुण्याला येऊन राजाचे संवाद बोलाल का?… मी चाकूरजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं कपाटात लावली. माझं काही कुणाला हवंय असा फोन मला पहिल्यांदाच आला होता. मी हो म्हणालो. अक्कांना सांगितलं, पुण्याला एका नातेवाइकाच्या लग्नाला चाललोय. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी "माझ्या पावलांचा ध्वनी लोप पावला आहे" हे वाक्य सहा वेळा म्हणालो, आणि खरं सांगायचं तर मला माझा आवाज ऐकताना फार बरं वाटलं.

चित्रपट लागला तो एका रविवारी सकाळी. वाचनालयातल्या पोरांना कुणी तरी बातमी दिली होती, त्यांनी वर जाऊन टीव्ही लावला. मी पोचलो तेव्हा दालन भरलेलं होतं आणि दुसऱ्या रांगेच्या कडेला अक्का बसल्या होत्या. राजानं तोंड उघडलं तशी पोरं ओरडली, "हे तर विलाससर." अक्का हलल्या नाहीत. पूर्ण तासभर त्या समोर बघत राहिल्या. मी दाराशी उभा. संपल्यावर पोरं माझ्याभोवती जमली. त्यातून वाट काढत अक्का आल्या, जाता जाता थांबल्या. "आवाज चांगला लागलाय तुझा," म्हणाल्या. "लग्न झालं का नीट?" आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत. त्यांची डिक्शनरी माझ्या मागच्या कपाटात होती, तीही मागितली नाही. दोनदा मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. क्लास चालू असायचा, आतून पोरांचं जर्मन ऐकू यायचं, आणि पोरांसमोर काय बोलायचं असं स्वतःला सांगून मी माघारी वळायचो. दीड वर्ष असं गेलं. रविवारचा कार्यक्रम बंद पडला. बायको म्हणायची, "एकदा जाऊन माफी मागा की, एवढं काय हाय त्यात?" तिचं बरोबर होतं. फार काही नव्हतंच. म्हणूनच जमत नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात महानंदाचा पहिला फोन आला. अक्का तिच्या नातवाच्या बारशाला नांदेडला गेल्या होत्या आणि तिथेच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. "तुमच्या दोघांचं काय बिनसलं ते मला ठाऊक न्हाई," महानंदा म्हणाली. "पण लातूरच्या घरी तिच्या औषधाची जुनी फाइल हाय, चावी शेजारी हाय. दुसऱ्या कुणाला सांगू?" मी फाइल घेतली आणि दुपारच्या एसटीनं निघालो. चाकूर आलं, गेलं. अहमदपूर, लोहा… वाटभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

दवाखान्यात अक्का पलंगावर इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी शेजारच्या पलंगाकडे गेलो. तोंड वाकडं झालं होतं, डोळे मिटलेले, आणि ओठ सारखे हलत होते. महानंदा रडवेली झाली होती. "पाच दिवस झाले, काय बोलती कळंना. निस्तं काल, काल म्हणती. काल काय झालं असं इचारती बहुतेक. मी रोज सांगते, अक्का, काल तू बरी होतीस." मी वाकून कान जवळ नेला. शब्द घसरत होते, एकमेकांत मिसळत होते. "मीअ… स… काल…" पुन्हा तेच. मला जर्मन येत नाही. आजही येत नाही. पण हे वाक्य मी बर्फात बसलेल्या त्या पोरीच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकलं होतं. मी महानंदाला म्हणालो, "त्यांना थंडी वाजतेय. त्या जर्मन बोलतायत."

एसीचं वारं थेट त्यांच्या पलंगावर येत होतं आणि अंगावर दवाखान्याची पातळ चादर. सिस्टरनं लगेच वारं दुसरीकडे वळवलं, महानंदानं घरून आणलेली सोलापुरी चादर अक्कांच्या अंगावर घातली. मी पलंगाशी वाकून, जमेल तसं अक्कांसारखंच म्हणालो, "लई गारठलात गं माय?" अक्कांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग डावा हात चादरीतून बाहेर काढून माझ्या मनगटावर ठेवला. जुळवून आणलेली वाक्यं तशीच ठेवून मी दुसऱ्या हातानं चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ज्याला तीन-चार भाषा येतात त्याचं अशा वेळी असं होऊ शकतं. एखादी भाषा आधी परत येते, बाकीच्या मागून. कोणती आधी येईल ते आधी सांगता येत नाही. अक्कांची जर्मन आधी आली. मी रात्री बसून अश्विनीला तिकडे फोन लावला, तिनं रोज ठरावीक वेळी अक्कांशी फोनवर बोलायचं कबूल केलं. अक्का काय मागतायत ते ती महानंदाला मराठीत सांगे. मधेच उदगीरच्या घरातलं कन्नड यायचं. मराठी सगळ्यात शेवटी आली, तीन महिन्यांनी, आणि तीही तुकड्यातुकड्यानं. एका सकाळी महानंदानं पोहे समोर ठेवले तर अक्का स्वच्छ म्हणाल्या, "मीठ न्हाई." महानंदानं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

त्यानंतर मी दर दुसऱ्या रविवारी नांदेडला जाऊ लागलो. जाताना लॅपटॉप आणि ते चित्रपट. पहिल्या एक-दोन खेपांना नुसते बघितले. तिसऱ्या खेपेला मी एकदाचं बोललो, म्हणालो, अक्का, पुण्याला मी जायला नको होतं. त्या शब्द शोधत होत्या, मी थांबलो. शोधताना त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर फिरवायच्या, तांदळातला खडा शोधावा तशी. "पुण्याला गेलास… त्याचा राग न्हाई," शेवटी म्हणाल्या. "आवाज तुझा हाय. कुठं बी वापर. लग्नाला चाललो म्हणलास… त्याचा आला." मी मान खाली घातली. "झालं ते झालं. वही आणलीस का?" वही मी आणली नव्हती. "मग कशाला आलास?" त्यांनी विचारलं, आणि त्या झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एका चित्रपटाची एक, अशा तीन वह्या झाल्या. सगळे संवाद पहिल्यापासून, अक्कांच्या शब्दांत. काम फार सावकाश चालायचं. सुरुवातीला दोन तासांत अर्धं पान, पुढे पुढे दिवसभरात दहा-बारा. जर्मन वाक्य त्यांना लगेच कळायचं, पण त्याचं मराठी मधेच अडायचं. ‘जोडा’ हा शब्द आठवेना तेव्हा त्यांनी माझ्या पायातल्या चपलेकडे बोट दाखवलं. मी ‘चप्पल’ म्हणालो तर मान हलवली, ‘बूट’ म्हणालो तरी हलवली, आणि दहा मिनिटांनी, भलत्याच वाक्याच्या मधे, "जोडा" म्हणून मांडीवर थाप मारली. राजाच्या त्या वाक्यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवला. पूर्वी सांगायच्या तेच जसंच्या तसं लिहावं असं माझं मत होतं. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि बदललं. "माझं पाऊल मला ऐकू येईना. कुणी तरी म्हना की, आलास का." मी म्हणालो, अक्का, जर्मनमध्ये असं आहे का? "न्हाई," त्या म्हणाल्या. "पण राजाला तेच म्हणायचं हाय. मला आता कळलं."

चौथा चित्रपट आमच्या जुन्यांपैकी नव्हता. गेल्या डिसेंबरात तिकडे टीव्हीवर लागलेला, अश्विनीनं पाठवलेला. मी तो आधी पाहिलेला नव्हता, अक्कांनीही नाही. एका गावाबाहेर एक बाई एकटी भट्टी चालवते, पाव भाजते. डोंगरावरचा राक्षस दर पौर्णिमेला खाली उतरतो आणि एकेक घर पाडून जातो. गावकरी पळून जातात, ही जात नाही. शेवटी राक्षस तिच्या दाराशी येतो. ती भट्टीचं फावडं खाली ठेवते, स्टुलावर चढते आणि त्याच्या कानाशी काही तरी म्हणते. राक्षस थबकतो, हसायला लागतो, आणि हसता हसता लहान होत होत माणसाएवढा होतो. आम्ही तिथपर्यंत पोचलो तो रविवार म्हणजे आमची शेवटची भेट. अक्कांनी तो प्रसंग दोनदा मागे घेऊन ऐकला. त्यांचा चेहरा मऊ झाला. मी पेन टेकवून थांबलो होतो. "हे म्होरच्या बारीला," त्या म्हणाल्या. "ही बाई लई साधं बोललीय. साध्याला येळ लागतो." महानंदानं भाकरी वाढली होती. आम्ही जेवलो, मी चारच्या गाडीनं निघालो. अक्का दारापर्यंत आल्या, काठी टेकत. आठ दिवसांनी तो सोमवार उजाडला.

लिंगायत रीतीप्रमाणे अक्कांना बसवून समाधी दिली. विभूती लावलेला चेहरा शांत होता, वाकडेपणा नाहीसा झाला होता. अश्विनी तिकडे ड्यूटीवर होती, तिनं मोबाईलवरून पाहिलं. लातूरच्या घरची चार बाकं महानंदानं एका क्लासला दिली. डिक्शनरी परत न्यायला मी तिला सांगितलं तर म्हणाली, "ठेवायला दिलीय ना? मग राहू द्या."

गेल्या रविवारी मी वरचं दालन पुन्हा उघडलं. फलकावर चार ओळी लिहिल्या होत्या, चौदा पोरं आली. जुन्यांपैकी कोणी नव्हतं, ती आता कॉलेजात. मी तो भट्टीवाल्या बाईचाच चित्रपट लावला, प्रसंगाप्रसंगाला थांबवून वहीतून वाचत गेलो. माझं वाचणं अक्कांच्या सांगण्यासारखं नाही, पण पोरं बसून राहिली. शेवटच्या प्रसंगापाशी वही संपते. तिथे मी चित्र थांबवलं नाही. बाई स्टुलावर चढली, राक्षसाच्या कानाशी जर्मनमध्ये काही म्हणाली, राक्षस हसला. पुढे बसलेल्या आठेक वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ती काय म्हणली?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही. अश्विनीला फोन केला तर ती एका मिनिटात सांगेल. करणार आहे, अजून केलेला नाही. मी पोरांना म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? कुणी म्हणालं मंत्र असेल, कुणी म्हणालं गुदगुल्या केल्या. ती मुलगी मात्र थांबून, विचार करून म्हणाली, "बस, आधी जेव, म्हणली असंल."

घरी आल्यावर मी चौथी वही उघडली आणि त्या रिकाम्या जागी तेवढंच लिहिलं. पेन्सिलनं लिहिलंय. अक्का असत्या तर त्यांनी ते ठेवलं असतं की खोडलं असतं, हे मला सांगता येत नाही.